अतिवेगवान उड्डाण आणि पृष्ठतापन : लाडबोरीच्या कड्यापासून कोलंबियाच्या पंखापर्यंत

गोषवारा : हवेतून अतिवेगाने जाणाऱ्या विमानाचे, अग्निबाणाचे किंवा अवकाशयानाचे पृष्ठ तापते ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र ते का तापते याचे 'घर्षणामुळे' हे प्रचलित उत्तर अपुरे असून त्यामुळे रचनेविषयी चुकीचे अनुमान निघू शकते. प्रस्तुत लेखात २ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्राच्या आकाशात घडलेल्या घटनेच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पृष्ठतापन, आघात तरंग, सीमास्तर, मॅक अंक, अपक्षरण, पुनःप्रवेश

प्रस्तावना

दिनांक २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र, विदर्भ, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांतील लोकांनी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. तेजस्वी ठिपक्यांची एक रांग आपल्यामागे लांब शेपट्या सोडीत संथपणे सरकत होती. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला लागून असलेल्या बडवानी भागातही ते दिसले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले व त्याच तालुक्यातील पवनपार परिसरात सुमारे अर्धा मीटर व्यासाचा एक पोकळ गोळा सापडला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. प्रारंभी निरनिराळे तर्क झाले. परंतु पुढे हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असल्याचे अवकाश-निरीक्षकांनी कक्षेच्या गणितावरून दाखवून दिले.

ग्रामीण भागात अशा प्रसंगी 'तारा तुटला' असे म्हणतात. वस्तुतः तुटणारा 'तारा', म्हणजे उल्का, आणि त्या रात्रीचे दृश्य यांत साध्या डोळ्यांनीही फरक करता येतो. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर व काही वेळा ७० किलोमीटरहूनही अधिक वेगाने येते आणि बहुधा क्षणार्धात विझते. पृथ्वीच्या कक्षेतून खाली उतरणाऱ्या अग्निबाणाचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात ते आठ किलोमीटर असतो. शिवाय तो जवळजवळ क्षितिजसमांतर मार्गाने येत असल्याने त्याचा जळता प्रवास बराच वेळ दिसत राहतो. लोकांना दूरध्वनीसंचांवर चित्रण करण्यास अवसर मिळाला तो यामुळेच.

या घटनेने दोन प्रश्न उभे केले. पहिला, हे अवशेष एवढे तापले कशाने? दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, प्रश्न असा की एवढे तापूनही ते कडे व तो गोळा जमिनीपर्यंत पोहोचलेच कसे? पहिल्या प्रश्नाचे रूढ उत्तर दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळते.

'घर्षण' या उत्तराची मर्यादा

तळहातावर तळहात घासला की ऊब येते. त्याचप्रमाणे हवा विमानाच्या पृष्ठावर घासते व पृष्ठ तापते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले असता बहुतेक सर्वजण हेच सांगतात. यात त्यांचा दोष नाही. अनेक पुस्तकांतूनही तेच लिहिलेले आढळते.

सायकलच्या चाकात हवा भरणाऱ्या पंपाचे उदाहरण घ्यावे. दहा-पंधरा वेळा दट्ट्या मारल्यावर पंपाची नळी तापते, परंतु सर्वांत अधिक तापते ती खालच्या टोकाशी, जिथे हवा दाबली जाते. दट्ट्याचे घासणे तर नळीच्या संपूर्ण लांबीवर होत असते. याहून बोलके उदाहरण शेतातील डिझेल इंजिनाचे होय. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. तेथे दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या पंधरा-वीसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्या दाबानेच हवा इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. वायूला त्वरेने दाबले असता त्याचे तापमान वाढते, हे या दोन्ही उदाहरणांतील तत्त्व होय.

वेगवान विमानाच्या नाकासमोर हेच घडते. विमानाच्या दृष्टीने पाहिल्यास समोरची हवा प्रचंड वेगाने त्याच्यावर येत असते. नाकाच्या अगदी टोकाशी तिला पूर्णपणे थांबावे लागते. या जागेस स्तब्धता बिंदू म्हणतात. थांबलेल्या हवेची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही. तिचे रूपांतर उष्णतेत होते. ही तापमानवाढ काढण्याची रीत सोपी आहे : वेगाचा वर्ग करावा आणि त्यास हवेच्या स्थिर दाबाखालील विशिष्ट उष्णतेच्या दुपटीने, म्हणजे सुमारे २,०१० ने, भागावे. वेग मीटर प्रति सेकंदात घेतल्यास उत्तर सेल्सिअस अंशांत मिळते.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने धावणाऱ्या एस. टी. गाडीच्या काचेवर ही वाढ एका अंशाचा पाचवा हिस्सा इतकीच येते. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेगाने जाते. तेथे ती ३१ अंश होते. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणात हवेचे तापमान उणे ५६ अंश असते, म्हणून अशा विमानाच्या नाकावर ते उणे २५ अंशांच्या आसपास भरते. वैमानिकासमोरील उपकरणावर एकूण तापमान व बाह्य हवेचे तापमान असे दोन वेगळे आकडे दाखविण्याची जी सोय असते, तिचे कारण हेच. वेग साडेबारा पट झाला तर तापमानवाढ दीडशे पटींहून अधिक झाली. वर्गाचा हा नियम पुढील सर्व अडचणींचे मूळ आहे.

ध्वनीच्या वेगाशी तुलना करणारा मॅक अंक वापरल्यास हाच नियम असा मांडता येतो : एकूण तापमान = हवेचे निरपेक्ष तापमान × (१ + ०.२ × मॅक अंकाचा वर्ग). अकरा ते वीस किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात हवेचे निरपेक्ष तापमान सुमारे २१७ केल्व्हिन धरले, तर मॅक २ ला एकूण तापमान सुमारे ११७ अंश सेल्सिअस, मॅक ३ ला ३३३ अंश आणि मॅक ५ ला हजार अंशांहून थोडे अधिक येते.

मग घर्षणाचे काय? ते अगदीच निरुपयोगी ठरवणे योग्य होणार नाही. विमानाच्या बाजूंवरून वाहणारी हवा पृष्ठालगत श्यानतेमुळे अडते. पृष्ठास चिकटलेला थर स्थिर, त्यावरचा थोडा वेगवान, त्यावरचा अधिक वेगवान, अशी थरांची उतरंड तयार होते. यास सीमास्तर म्हणतात. थर एकमेकांवर सरकताना त्यांच्यातील गतिज ऊर्जेची उष्णता होते, आणि येथे 'घर्षण' हा शब्द यथार्थ आहे. परंतु घासली जाते ती हवेवर हवा. धातूवर हवा नव्हे. सीमास्तरात निर्माण झालेल्या उष्णतेचा काही भाग बाहेरच्या थरांकडे निसटत असल्यामुळे विमानाच्या बाजू नाकापेक्षा किंचित कमी तापतात. सीमास्तर खळबळयुक्त असेल तर एकूण संभाव्य तापमानवाढीच्या सुमारे ८९ टक्के वाढ पृष्ठावर दिसते. मॅक २ साठी हा हिशेब केला असता सुमारे ९८ अंश येतात.

धातूची परीक्षा

हा हिशेब कागदावरचा नाही, याची साक्ष काँकॉर्ड विमानाने दिली. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहतूक करणारे हे विमान मॅक २ च्या वेगाने उडत असे. त्याच्या नाकाच्या तापमानाची मर्यादा १२७ अंश ठेवलेली होती आणि ती गाठली जाण्याचा संभव दिसल्यास वेग कमी करावा लागे. उड्डाणात तापून हे विमान काही इंचांनी लांबत असे. मॅक २ हाच वेग का निवडला, याचे उत्तर इंजिनात कमी आणि धातुशास्त्रात अधिक आहे. ॲल्युमिनियमची सर्वसाधारण संमिश्रे १३०-१५० अंशांपलीकडे दीर्घकाळ राहिल्यास आपले बळ गमावू लागतात. त्यापेक्षा अधिक वेग हवा असेल तर विमान वेगळ्याच धातूचे बांधावे लागते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ या मॅक २ गाठणाऱ्या लढाऊ विमानाच्या बांधणीसाठी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. त्याचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या संमिश्रांचा असूनही ते मॅक २ सहन करू शके, कारण लढाऊ विमान त्या वेगाने काही मिनिटेच उडते आणि सर्व सांगाडा तापण्यास तेवढा वेळ पुरत नाही. चुलीवरच्या ज्योतीतून बोट पटकन फिरवले तर भाजत नाही, तसाच हा प्रकार. काँकॉर्डला मात्र तासन्‌तास त्या वेगात राहायचे होते.

हवाई दलाकडे १९८१ पासून २००६ पर्यंत असलेले मिग-२५ हे टेहळणी विमान मॅक २.८ च्या आसपास जाऊ शके. त्या वेगाला एकूण तापमान २८० अंशांहून अधिक होते. म्हणून त्याच्या सांगाड्याचा मोठा भाग निकेलयुक्त पोलादाचा बनविला होता. वजनाचा भार पत्करून रशियन अभियंत्यांनी उष्णतेचा प्रश्न सोडविला. अमेरिकेच्या एसआर-७१ या विमानासाठी टायटॅनियम वापरले गेले. तापल्यावर प्रसरण पावणाऱ्या पत्र्यांसाठी त्यात फटी सोडाव्या लागल्या होत्या, त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्यातून इंधन झिरपत असे. जगातील सर्वांत वेगवान विमानाखाली तेलाचे डाग पडावेत, हे दृश्य गमतीचे असले तरी त्यामागील भौतिकी शुद्ध आहे.

उंचीचाही विचार केला पाहिजे. ओझर येथेच फेरबदल केलेल्या सुखोई-३० विमानाने २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस हे क्षेपणास्त्र बसवून पहिले उड्डाण केले. हे क्षेपणास्त्र मॅक २.८ च्या वेगाने समुद्रसपाटीलगत जाते तेव्हा मूळची हवाच १५ अंशांची असल्याने एकूण तापमान ४६० अंशांपलीकडे जाते. तोच वेग, तोच नियम. परंतु मिग-२५ च्या तुलनेत तापमान जवळजवळ १८० अंशांनी अधिक, आणि हवा दाट असल्याने उष्णता पोहोचण्याची त्वराही जास्त. क्षेपणास्त्राला हे काही मिनिटेच सोसायचे असते, हा त्यातला दिलासा. ७ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने मॅक ६ च्या सुमारास स्वदेशी स्क्रॅमजेट इंजिनाची जी यशस्वी चाचणी घेतली, तीत उष्णता सोसणाऱ्या साहित्याची परीक्षा इंजिनाइतकीच कठीण होती. तीस किलोमीटर उंचीवर त्या वेगाला एकूण तापमान १,६०० अंशांच्या घरात जाते.

टोकदार की बोथट?

आता लाडबोरीकडे परतू. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर धरला, तर तिच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे तीन कोटी ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. एक किलो चांगला दगडी कोळसा जाळूनही इतकी उष्णता सहसा मिळत नाही. एक किलो ॲल्युमिनियम सामान्य तापमानापासून तापवून पूर्ण वितळविण्यास मात्र अवघे दहा-अकरा लाख ज्यूल पुरतात. ऊर्जा गरजेच्या जवळजवळ तीसपट आहे. ती सर्व त्या धातूतच शिरली असती, तर सिंदेवाही तालुक्यात एक खिळाही पडला नसता.

याचा अर्थ ऊर्जेचा बहुतांश भाग अन्यत्र जातो. तो हवेत जातो. अतिवेगाने जाणाऱ्या वस्तूच्या पुढे हवेचा एक दाट पडदा तयार होतो, त्यास आघात तरंग म्हणतात. या पडद्यातून जाताना हवा एकदम दाबली जाते व काही हजार अंशांपर्यंत तापते. वरील वर्गाचा नियम सरळ लावल्यास तीस हजार अंश यावेत, पण तसे होत नाही. सुमारे दोन हजार अंशांपलीकडे ऑक्सिजनचे व चार हजारांपलीकडे नायट्रोजनचे रेणू फुटू लागतात आणि रेणू फोडण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते. २ एप्रिलच्या रात्री दिसलेला प्रकाश अशा तप्त हवेचा व वितळून तुटणाऱ्या कणांचा होता. ही तापलेली हवा वस्तूच्या बाजूंनी मागे निघून जाते आणि उष्णताही बरोबर नेते.

येथे 'घर्षण' या उत्तराचा धोका दिसतो. उष्णता केवळ घासण्याने येते असे मानले, तर कोणीही म्हणेल की यान सुईसारखे टोकदार व गुळगुळीत करावे. १९५० च्या सुमारास क्षेपणास्त्रांच्या अग्रभागाविषयी अभियंत्यांची कल्पना साधारण अशीच होती. १९५१ मध्ये अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेतील ज्युलियन ॲलन यांनी, पुढे आल्फ्रेड एगर्स यांच्या सहकार्याने, नेमके उलट प्रतिपादन केले : अग्रभाग बोथट असावा. बोथट वस्तूपुढे आघात तरंग थोडा अंतर राखून उभा राहतो, प्रचंड हवा ढवळली जाते, आणि ब्रेकचे काम दाबाने होते. एकूण रोधात सीमास्तरातील घर्षणाचा वाटा जितका कमी, तितका वस्तूच्या देहात शिरणाऱ्या उष्णतेचा वाटा कमी. टोकदार वस्तूत तो वाटा मोठा असतो. शिवाय टोकापाशी येणारा उष्णतेचा ओघ टोकाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या शंभरपट वाढवली की ओघ दहापट घटतो. अवकाशवीरांच्या कुप्या तळाशी कढईसारख्या पसरट का असतात, हे यावरून स्पष्ट होते.

लाडबोरीचे कडे कोणी या हेतूने घडविले नव्हते. पण त्याची रचना योगायोगाने अनुकूल होती. आकाराच्या मानाने हलकी असलेली वस्तू विरळ हवेतच, अधिक उंचीवर, आपला वेग गमावते. उष्णतेचा ओघ वेगाच्या घनाशी आणि घनतेच्या वर्गमुळाशी निगडित असतो. म्हणून जी वस्तू दाट हवेत पोहोचण्यापूर्वीच मंदावते, ती वाचते. पोकळ गोळ्याबाबतही तेच. शेवटचे काही किलोमीटर या वस्तू कोणत्याही पडत्या पत्र्यासारख्या साध्या वेगाने खाली आल्या असणार.

उष्णतेपासून बचाव

यानाला सुखरूप उतरवायचे असेल तर योगायोगावर विसंबता येत नाही. दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला अपक्षरणाचा : बाहेरचे आवरण हळूहळू जळून, झिजून जाऊ द्यावे व आपल्याबरोबर उष्णता न्यावी. दुसरा, पृष्ठ लालबुंद होऊ द्यावे व प्रारणाने उष्णता बाहेर फेकावी, आणि त्यामागे उत्तम रोधक ठेवावा. १० जानेवारी २००७ रोजी इस्रोने सोडलेली व २२ जानेवारी रोजी बंगालच्या उपसागरातून परत मिळविलेली कुपी या दोहोंचा मेळ होती. तिच्या नाकावर कार्बन-फेनॉलिकचे अपक्षरणशील आवरण व अन्यत्र सिलिकाच्या फरश्या होत्या. १८ डिसेंबर २०१४ रोजी मानवयानाच्या नमुना-कुपीचीही पुनःप्रवेश चाचणी यशस्वी झाली.

प्रारणाची क्षमता किती, ते पाहण्यासारखे आहे. १,६५० अंश सेल्सिअसला पोहोचलेले एक चौरस मीटर पृष्ठ सुमारे साडेसहा लाख वॅट उष्णता बाहेर टाकते. आपल्या शेतशिवारात ज्याला 'डीपी' म्हणतात, तशा शंभर केव्हीएच्या सहा-सात रोहित्रांची ही एकत्रित क्षमता झाली. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या पंखांच्या पुढच्या कडा प्रबलित कार्बनच्या होत्या आणि त्यांना हेच काम करावयाचे होते. कडेच्या आत मात्र ॲल्युमिनियमचा सांगाडा होता, जो साडेसहाशे अंशांच्या आतच वितळतो.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान झेपावल्यानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. कडेला भोक पडले. सोळा दिवस यान कक्षेत होते. तेथे हवा नाही म्हणून त्या भोकाने काहीच बिघडले नाही. १ फेब्रुवारी रोजी पुनःप्रवेश करताना आघात तरंगामागची तप्त हवा त्या भोकातून पंखात शिरली आणि आतला सांगाडा वितळू लागला. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या पंखाला बाहेरून घासणाऱ्या हवेने जाळले नाही, त्याची कड शाबूत असती तर ती तेच तापमान नेहमीप्रमाणे सोसू शकली असती. थांबलेल्या, दाबलेल्या, तापलेल्या हवेला आत जाण्याची वाट मिळाली, एवढेच झाले.

जेथे तापणेच हवे

अवकाशयानाच्या अभियंत्याला जी उष्णता शत्रू वाटते, तीच निकामी उपग्रह व अग्निबाणांची विल्हेवाट लावणाऱ्याला मित्र वाटते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाल्यास ती सोडणाऱ्या राष्ट्रावर त्याचे दायित्व येते. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा त्या देशाने ६० लाख डॉलरची मागणी केली व अखेरीस १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळविले. सिंदेवाहीत कोणाचे छप्पर फुटले असते, तर त्या शेतकऱ्याचा दावा दिल्लीमार्गे बीजिंगला जाणे क्रमप्राप्त होते.

म्हणून अलीकडे उपग्रह व अग्निबाण अशा रीतीने रचावेत की पुनःप्रवेशात ते शक्य तितके जळून जावेत, असा विचार पुढे आला आहे. टायटॅनियमचा वितळणबिंदू १,६६८ अंश असल्याने त्याच्या टाक्या हमखास जमिनीवर येतात. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या टाक्या वापराव्यात, जोड असे ठेवावेत की अधिक उंचीवरच सांगाडा उकलून आतले भाग उष्णतेच्या ओघात उघडे पडावेत, असे उपाय सुचविले जातात. तोवर शिवारात असा एखादा गोळा सापडल्यास त्यास हात न लावता पोलीस ठाण्यास किंवा तहसील कार्यालयास कळवावे; काही टाक्यांत हायड्राझीनसारख्या विषारी इंधनाचा अंश शिल्लक राहिलेला असू शकतो.